देवीला दिलेलं मीठ

टच्.

गोळीच्या पाकिटाची चंदेरी पट्टी फुटली आणि जेवायला बसलेल्या आम्हा सगळ्यांचे घास हातातच राहिले. माझ्या धाकट्या भावानं, उमाकांतनं, गोळी जिभेवर ठेवली, तांब्याभर पाणी प्यायला आणि माझ्याकडे वळून मोठ्ठा आ केला. जीभ उचलून खालचं दाखवलं. मग बोटानं एक गाल ताणला, मग दुसरा.

"हे काय रे?" मी म्हणाले.

"गिळली," तो म्हणाला. "तिथं रोज दाखवावं लागायचं. दाखवल्याशिवाय रांग पुढं सरकत नाही."

"इथं कुठली रांग?" माझे मिस्टर, नंदकुमार, हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

"माझा नंबर!" असं म्हणून तनूनं भाकरीचा तुकडा गिळला आणि आ केला. माझी लेक तेव्हा बालवाडीत होती. जगात रांग आहे म्हटल्यावर तिला त्या रांगेत उभं राहायचंच असायचं.

मी दोघांचीही तोंडं बघितली. तनूचं वरवर बघितलं, उमाचं नीट.

उमा तुरुंगातून जामिनावर सुटून आला त्या दिवसाची ही गोष्ट. सुटून सरळ माझ्या घरी आला, कारण जामिनाच्या कागदावर सही ह्यांनी केली होती, आणि त्याच्या मागोमाग आपली पिशवी घेऊन आईही आली.

त्याआधी उमा बार्शीतल्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून भांड्यांवर नावं घालायचा. हातातलं मशीन टर्रर्र करत फिरायचं आणि कळशीवर, ताटावर, रुखवतातल्या डब्यांवर मोत्यांसारखी अक्षरं उमटायची. एका उन्हाळ्यात त्याची झोप उडाली. झोप उडाली तरी तो दमेना. गिऱ्हाईक सांगायचं, "मामा-मामींकडून सप्रेम भेट," आणि हा कळशीच्या गळ्यापासून बुडापर्यंत नवरीला उपदेश कोरून द्यायचा. त्यानंतर एके दिवशी त्यानं शेजारच्या मांडववाल्याचा खुर्च्यांनी भरलेला टेम्पो काढला आणि गावातल्या प्रत्येक एसटी थांब्यावर खुर्च्या मांडत सुटला. का, तर म्हाताऱ्या माणसांनी उभं का राहायचं? अख्खं गाव हसलं. आम्हीही हसलो. मग एका हवालदारानं त्याचा दंड धरला, यानं खुर्ची फिरवली आणि हवालदाराचा हात मोडला. तेव्हा सगळ्यांचं हसणं थांबलं.

आम्ही त्याला उन्हाचा ताप म्हणालो, कुणी करणी म्हणालं. आजाराचं नाव त्याला आत मिळालं. तुरुंगात तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा बायपोलर आहे, मन कधी फार वर चढतं तर कधी खोल खाली जातं. त्यांनी लिथियमची गोळी सुरू केली आणि उमा हळूहळू उमासारखा झाला. गोळी बंद पडली तर तो पुन्हा चढणार, आणि चढून काही करून बसला तर जामीन रद्द होणार, एवढं मला स्वच्छ कळलं होतं. बाकीचं मला काही कळलेलं नव्हतं, हे मात्र तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मनोविकारांच्या डॉक्टर शेटे मॅडम तिथं आठवड्यातून एकदा येत. त्यांनी सावकाश समजावलं. गोळी वेळेवर, पाणी भरपूर, जेवण नेहमीसारखं, मीठ कमी करायचं नाही, रक्त तपासत राहायचं, हात फार कापायला लागले, उलट्या झाल्या, तर ताबडतोब आणायचं. मी मान डोलवत होते. मान डोलवणं मला लहानपणापासून फार छान जमतं. मिठाचं वाक्य माझ्या डोक्यात थेट 'तेलकट टाळा, चालायला जा'च्या शेजारी जाऊन बसलं. डॉक्टर म्हटलं की खाण्याबद्दल काहीतरी बोलणारच, त्यांचंही बरोबर आहे.

माझं सगळं लक्ष मोठ्या गोष्टीवर होतं. तो चढतोय का?

फोनवर मी इतके व्हिडिओ बघितले की मला पदवी मिळायला हवी होती. जास्त बोलणं, जास्त हसणं, कमी झोपणं, मोठे मोठे बेत करणं, ही लक्षणं मला तोंडपाठ होती. गोळ्यांचा डबा मी कपाटात कुलपात ठेवला आणि कपाटाची किल्ली सेफ्टी पिनेनं मंगळसूत्राला अडकवली. स्वयंपाक करताना ती मण्यांवर किणकिणायची. चालता-फिरता आवाज व्हायचा तो वेगळाच. तुरुंगात ती शिपायांच्या कमरेला असते म्हणे.

"झोपलास ना नीट?"

"झोपलो."

"डोक्यात विचार वेगानं येतायत का?"

"तू विचारलंस की येतात, ताई."

"चेष्टा नको. चेष्टा करावीशी वाटणं हेसुद्धा लक्षण आहे."

तो गप्प बसायचा. मग मी ह्यांना हळूच म्हणायचे, "फार गप्प आहे, नाही?"

तेवढ्यात आईनं आपला नवस बाहेर काढला.

"देवीला बोललेय मी," ती पिठाची परात पुढ्यात ओढत म्हणाली. "पोरगं घरी आलं की जत्रेपतूर घरात मीठ शिवायचं न्हाई. सगळ्यांनी अळणी खायाचं."

"सगळ्यांनी? तुमचा नवस, तुम्ही खा की आई," हे घाबरून म्हणाले. ह्यांना आमटीला चिमूटभर मीठ कमी पडलं तरी चेहरा पाडायची सवय.

"जावईबापू, येकटीच्या तोंडानं बोललेली न्हाई. घराच्या तोंडानं बोललेय."

"मी खातो अळणी," उमा म्हणाला. "माझ्यासाठी बोलली ती. मीच मीठ खात बसू?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, लक्षणांची जाणकार, मोठ्या मनानं म्हणाले, "खाऊया की. मीठ कमी केलेलं ब्लडप्रेशरलाही चांगलंच."

आईनं मिठाची बरणी फडक्यात बांधून देवघराखाली ठेवली. तनूनं बरणीला नमस्कार केला.

अळणी पिठलं काय असतं ते ज्यानं खाल्लं त्यालाच ठाऊक. हे दुपारी ऑफिसात कुणाच्या तरी डब्यातून लोणचं खाऊन येत आणि घरी संतासारखे जेवत. तनू बालवाडीत मैत्रिणींचं फरसाण खायची. मी उरलेल्या खारवलेल्या शेंगा कपड्यांच्या चिमट्यांच्या डब्यात लपवून ठेवल्या होत्या आणि कपडे वाळत घालताना तोंडात टाकत होते. घरात नवस खराखुरा पाळत होती फक्त दोन माणसं. आई, आणि उमा.

ऊन असं पडलं होतं की फरशी दुपारी पायाला चटके द्यायची. उमा सकाळी भांड्यांच्या दुकानात जायला लागला होता. मालक जुना, त्यानं स्टुलाची जागा ठेवली होती. घरी आला की तो कळशीतून पाणी प्यायचा, पुन्हा प्यायचा. जेवण मात्र कमी झालं. मला वाटलं, अळणी आहे, कोण खाणार.

एका संध्याकाळी तो तनूचा नवा डबा घेऊन बसला. "मामा, माझं नाव टाक," ती त्याच्या मागं लागली होती. मशीन टर्रर्र करायला लागलं आणि तनू कान बंद करून नाचायला लागली. मी कणीक मळता मळता बघत होते. डबा मी पिठाच्या हातानंच उचलून घेतला. 'तनुजा' हे नाव कधी असं लिहिलेलं मी बघितलं नव्हतं. प्रत्येक रेघ लाटेसारखी वरखाली गेलेली, 'जा'चा काना तर वेलीसारखा वळत वळत खाली उतरलेला.

"ही नक्षी कशाला केलीस?" मी विचारलं.

"नक्षी न्हाई केली," तो म्हणाला.

"मग हे काय आहे? सरळ नाव घालता येत नाही? मला सांग, आज झोप किती झाली? फार छान छान वाटतंय का?"

त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले. "न्हाई गं. कसंतरीच वाटतंय."

मी ह्यांना आत बोलावून डबा दाखवला. "सुरू झालं. आधी कळशीवर उपदेश लिहायचा, आता वेलबुट्टी."

ह्यांनी डबा उजेडात धरला, फिरवून बघितला. "मला छान वाटलं," ते म्हणाले. "तनूला पण आवडलंय."

"तुम्हाला खुर्च्या पण छान वाटल्या होत्या."

पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याची जीभ जड झाली. शब्द एकमेकांत अडकायला लागले. दुकानातून परत येताना तो भिंतीला हात लावत लावत आला, तर समोरच्या गोदाकाकू दारात उभ्याच होत्या.

"सुवर्णा," त्या मला आवाज खाली आणून म्हणाल्या, पण खालचा आवाजही त्यांचा गल्लीभर जातो, "आतून सुटून आलेल्यांना बाटली लवकर सापडते गं. लक्ष ठेव."

लक्ष ठेव! मला! मी तणतणत घरात आले. "उमा, आ कर."

त्यानं आ केला. मी वास घेतला. काही नव्हतं. जिभेखाली बघितलं. तिथंही काही नव्हतं.

"ताई, मळमळतंय," तो म्हणाला आणि न्हाणीकडे धावला.

उलटीचा आवाज येत होता आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार काय केला असेल? सकाळची गोळी पडून गेली असणार. म्हणजे आज औषध पोटात नाही. म्हणजे चढणार. म्हणजे दुसरी द्यायला हवी. मी मंगळसूत्र पुढे ओढून कुलपात किल्ली घालायला लागले. त्या पिनेमुळे मान वाकडी करून कपाटाला गाल लावावा लागायचा. तशीच कपाटाला चिकटलेली असताना मागं धप्प आवाज झाला.

उमा न्हाणीच्या उंबऱ्यात पडला होता. हात-पाय थरथरत होते. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन देवीचं नाव घेत होती. तनू भिंतीला टेकून म्हणाली, "आई, मामा डुगडुग करतोय."

ह्यांनी रिक्षा आणली. नशिबानं शेटे मॅडमचा त्या दिवशी दवाखाना होता. तनूला कुणाकडं ठेवायला वेळ नव्हता, ती कडेवरच राहिली.

"गोळ्या जास्त घेतल्या का त्यांनी?" मॅडम त्याचे डोळे बघत म्हणाल्या.

"शक्यच नाही," मी मंगळसूत्रातली किल्ली वर करून दाखवली. "कुलपात असतात. मी स्वतः देते. तोंड बघते."

"पाणी?"

"भरपूर."

"दुसरं काही औषध? अंगदुखीची गोळी? खाण्यात काही बदल?"

"काही नाही, मॅडम. घरचं साधं जेवण."

"आमच्याकडे मीठ नाही," कडेवरून तनू म्हणाली.

"म्हणजे?"

"आजीनं देवीला दिलंय."

मॅडमचा हात उमाच्या मनगटावर तसाच राहिला. त्यांनी आधी तनूकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शरीरात मीठ कमी पडलं की ही गोळी बाहेर पडत नाही," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंड तिला धरून ठेवतं. रोजचीच गोळी विष व्हायला लागते. त्यात हे ऊन. दुसरी गोळी दिली नाहीत ना?"

मी मान हलवली. 'नाही' म्हणताना माझ्या गालावर कपाटाचा थंडपणा अजून होता.

रक्त घेतलं, गोळी थांबवली, सलाइन लावलं. आईनं पलंगाजवळ उभ्या नर्सला विचारलं, "बाटलीत काय हाय?"

"मिठाचं पाणी, मावशी."

आई खाली बसली. तिनं देवीला दिलेलं मीठ थेंबाथेंबानं तिच्या पोराच्या हातात उतरत होतं आणि ती ते बघत राहिली.

दोन दिवसांनी उमाचे हात शांत झाले. मॅडमनी सांगितलं, थोडक्यात वाचला, पुन्हा रक्त तपासून मगच कमी मात्रेनं गोळी सुरू करू. त्या गेल्यावर मी त्याला मोसंबी सोलून देत होते.

"ताई," तो छताकडे बघत म्हणाला, "मी आता गोळी घेणार न्हाई."

मोसंबीची फोड माझ्या हातात फुटली. "असं नाही बोलायचं. चूक मिठाची झाली, गोळीची नाही. बंद केलीस तर पुन्हा चढशील."

"चढीन."

"मग जामीन जाईल."

"जाईल. आत एक बरं होतं. आ केला की झालं. नंतर दिवसभर कुणी बघायचं न्हाई. तुझ्याकडं आल्यापासून मी दिवसभर आ करून बसलोय."

मी मोसंबीच्या साली गोळा करायला लागले.

"त्या दिवशी तनूचा डबा," तो म्हणाला. "हात कापत होता माझा. मला रेघ धरवंना. मी तुला सांगणार होतो. पण तू विचारलंस, फार छान वाटतंय का. मग म्हटलं, आता काय सांगायचं?" त्यानं मान माझ्याकडे वळवली. "गोळीवर राग न्हाई माझा. तिनं डोकं जाग्यावर राहतं, कळतं मला. पण घेऊनसुद्धा तू अशीच बघणार असशील, तर घ्यायची कशाला?"

आयुष्यात पहिल्यांदा मला मान डोलवावी की हलवावी ते समजेना. मी सेफ्टी पिन काढायला लागले. ती निघेना. इतक्या दिवसांत गंजून तिनं पोतीचा दोरा पकडून ठेवला होता. शेवटी उमाच उठून बसला आणि त्यानं बारीक कामाच्या आपल्या हातांनी ती मोकळी केली. हात कापला नाही.

"ही किल्ली घे," मी म्हणाले. "गोळ्यांचा डबा कपाटात—"

"वरच्या खणात, साड्यांच्या मागं. ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"तनूनं पहिल्याच दिवशी सांगितलं."

तनूचा तो डबा आजही आहे. आता ती चौथीत आहे. दोनदा नवा डबा आणला, पण तिला तोच लागतो, लाटालाटांच्या नावाचा. वर्गात कुणाकडे तसा नाही म्हणते.

रक्त पुन्हा तपासून कमी मात्रेची गोळी सुरू झाली आणि उमा दवाखान्यातून घरी आला, त्या दिवशी दुपारी आईनं मिठाची बरणी फडक्यातून सोडली. "देवीशी मी बोलते," ती म्हणाली. "तीबी आईच हाय. घराचं सोडलं, पण मी येकटी खाईन अळणी, जत्रेपतूर." आणि आपली आमटी तिनं वेगळ्या वाटीत काढून ठेवली.

आम्ही जेवायला बसलो. मीठ घातलेली आमटी, भाकरी, शेंगांची चटणी. ह्यांनी पहिला घास डोळे मिटून खाल्ला. जेवण होत आलं तेव्हा पाकिटाचा आवाज झाला. टच्. उमानं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि पुन्हा भाकरी मोडली. आ केला नाही. मी ताटात बघत राहिले. कसं बघत राहिले ते माझं मला माहीत.

तेवढ्यात आईनं आपल्या वाटीतला घास घेतला आणि चावता चावता थांबली. डोळे मोठे झाले. हात कपाळाकडे गेले.

"पावली गं बया! अळणीला चव आली! देवीनं चव दिली बघा!"

"मी दिली!" तनू ओरडली आणि दोन्ही मुठी वर केल्या. बोटांना मीठ चिकटलेलं होतं.

मग उमा हसला. आधी नाकातून, मग तोंडातला घास सांभाळत, मग ताट बाजूला सारून. "देवीचे हात बघ, आई, देवीच्या नाकाला शेंबूड हाय," असं म्हणून तो मांडीवर थाप मारत हसायला लागला. हे हसले, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली, मीही हसले. कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात असं हसणं झालं होतं. एकेक करत आमचं हसणं संपलं. उमाचं संपलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तो थांबला, आईच्या वाटीकडे बघितलं आणि पुन्हा सुरू झाला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. आईचा हात भाकरीवर थांबला. माझी बोटं आपोआप मंगळसूत्रापाशी गेली, जिथं आता किल्ली नव्हती.

उमानं ते पाहिलं. त्याचं हसू मिटलं. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि मान खाली घालून पाणी प्यायला लागला.

तनू आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. मिठानं माखलेला एक हात तिनं माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "माणसानं किती हसायचं असतं?"